कूलरच्या टाकीतला आषाढ

आमच्या घरात कूलर कधी लावला आणि कधी काढला, हे कालनिर्णयावर लिहिलेलं असतं. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, कामाच्या बाईंचे खाडे आणि त्याच चौकोनात आईच्या बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात 'कूलर लावला, नवी घास'. घास म्हणजे कूलरच्या जाळीत भरायचं गवत. ही नोंद बहुतेक रामनवमीच्या आसपास येते. मग जुलैत कधीतरी 'कूलर बंद'. सप्टेंबरात 'उमस, कूलर परत'. दिवाळीनंतर 'कूलर काढला, रजया उन्हात'. ग्वाल्हेरच्या आमच्यासारख्या मराठी घरांत डिसेंबर महिन्यात पुण्या-मुंबईहून येणारं कुणी ना कुणी हे कॅलेंडर घेऊनच येतं. आमच्याकडे ते वर्ष संपल्यावरही रद्दीत जात नाही. आई त्याची गुंडाळी करते, दोरा बांधते आणि माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवते. का ठेवते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, कोजागरीच्या आदल्या रात्री, माझ्या भाचीला ताप भरला. मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची होती. ताप एकशे तीनच्या खाली येईना. "आत्या, डोळ्यांच्या मागे दुखतंय" असं ती म्हणाली, आणि माझ्या पोटात धस्स झालं, कारण त्या महिन्यात आमच्या गल्लीत हेच वाक्य मी दोन घरांत ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. डेंगी.

त्या आठवड्यातल्या सगळ्या गोष्टी सांगत नाही. एकच सांगते. पाचव्या दिवशी ताप उतरला. वहिनीनं देवापाशी दिवा लावला, आईनं मऊ भात टाकला, दादा चार रात्रींनंतर पहिल्यांदा आडवा झाला. आणि डॉक्टर म्हणाले, "आता जास्त लक्ष ठेवा." डेंगीत खरी धोक्याची वेळ ताप उतरताना येते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, प्लेटलेट घसरतात, पोट दुखतं, उलट्या होतात, आणि घरचे मात्र ताप गेला म्हणून निर्धास्त असतात. मुक्ताच्या प्लेटलेट अडतीस हजारांवर आल्या. दोन रात्री मी तिच्या हातातल्या सलाइनच्या थेंबांकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी तिनं वरण-भात मागितला.

ती घरी आली त्याच आठवड्यात मलेरिया विभागाचे दोघे जण गल्लीत आले. एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याकडे पांढरं भांडं आणि पळी. "माताजी, कूलर दिखाइए," असं म्हणत ते थेट मागच्या गॅलरीत गेले. आमचा कूलर जुना, लोखंडी टाकीचा. जुलैत बंद केलेला, सप्टेंबरात आठ-दहा दिवस चालवून पुन्हा बंद केलेला. त्यानं पळीभर पाणी पांढऱ्या भांड्यात ओतलं. आत बारीक केसांसारख्या अळ्या वळवळत होत्या, थोडा धक्का लागला की तळाकडे जायच्या, पुन्हा वर यायच्या. मग त्यानं टॉर्चचा झोत टाकीच्या आतल्या भिंतीवर धरला. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, गंजावर, काळ्या ठिपक्यांची एक पट्टी होती. मला ती काजळी वाटली. "ये अंडे हैं," तो म्हणाला. "पानी फेंकने से नहीं जाते. रगड़ने से जाते हैं."

तेवीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. मोसमी वारे, आर्द्रता, बाष्पीभवन, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, हे तर आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. त्या दिवशी त्या गॅलरीत उभं राहून मला जी शरम वाटली, ती आजही गेलेली नाही. मुक्ताला चावलेला डास आमच्याच टाकीतून निघाला होता की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. पण हा डास आपल्या जन्मघरापासून फार लांब उडत नाही, फार तर शेदोनशे मीटर. म्हणजे आमचा नसेल तर शेजारचा, आणि आमचा शेजारच्यांकडे गेला असणार.

त्याच रात्री मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

एकेक गुंडाळी सोडून मी सगळ्या महिन्यांची पानं जमिनीवर पसरली. आईनं कूलरच्या तारखा लिहिल्या होत्या तशाच घरातल्या तापाच्याही लिहिल्या होत्या. 'दादाला ताप', 'शेजारच्या काकूंना मलेरिया', 'यांना थंडी वाजून'. 'यांना' म्हणजे बाबांना. नोंदी वर्षभर विखुरलेल्या असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचे घोळके होते. मुख्य घोळका सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पितृपक्ष ते दिवाळी. पाऊस जुलै-ऑगस्टचा आणि ताप मात्र आश्विनातला. शिकवताना मी कार्यकारणभाव सांगायची तेव्हा कारण आणि परिणाम एकमेकांना चिकटून असायचे. इथे मध्ये दोन-अडीच महिन्यांचं अंतर होतं.

हे अंतर समजून घ्यायला मला आधी कूलर समजून घ्यावा लागला.

मे महिन्यातलं ग्वाल्हेर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे सांगायला हवं. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, चालते, आंधी आली की लष्कर भागातल्या गल्ल्यांत दोन हातांवरचं दिसत नाही. लहानपणी आजी शाळेत जाताना खिशात कांदा ठेवायची आणि घरी आल्यावर पन्हं हातात द्यायची. त्या हवेत उघड्यावर डास जगत नाही, त्याचं अंग सुकून जातं. निसर्गानं आम्हाला हे दोन महिने डासांपासून सुट्टी दिलेली आहे. पण कूलर कोरडी हवा ओल्या घासातून ओढतो, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि खोली अठ्ठावीस अंशांवर येते, ओलसर होते. अठ्ठावीस अंश, दमट हवा, अंधारा कोपरा, टाकीत स्थिर पाणी: डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला जगात जिथे कुठे सुख मिळतं तिथलं हेच हवामान. बाहेर ज्येष्ठ पेटलेला असताना आम्ही प्रत्येक खिडकीत एकेक आषाढ बांधून ठेवतो.

आणि खरा आषाढ येतो तेव्हा कूलर निरुपयोगी होतो. हवेतच इतकं पाणी असतं की घासातलं पाणी उडत नाही. कूलर लावला की गारवा येत नाही, चिकचिक वाढते. म्हणून 'कूलर बंद'. पण काढत कुणी नाही, कारण भाद्रपदात पाऊस ओसरला की उमस होणार आणि चार दिवस तरी तो पुन्हा लागणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे बरोबर पावसाळाभर, हवा सर्वांत जास्त दमट असताना, शहरातले हजारो कूलर टाकीत पाणी घेऊन गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवर गप्प उभे राहतात. मलेरियाच्या बहुतेक डासांना शेत लागतं, डबकं लागतं, जुनी विहीर लागते. एडिसला माणसाचं घर पुरतं. त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या कडेला, ओल्या भिंतीवर घालते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे आम्ही दिवाळीनंतर टाकी रिकामी करून, उलटी करून ठेवतो आणि निश्चिंत होतो, तेव्हा ती काळी पट्टी तशीच असते. एप्रिलमध्ये नवी घास येते, टाकी भरते, पाणी त्या पट्टीपर्यंत चढतं.

आता हिशेब. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत सात ते दहा दिवस. त्या मादीनं डेंगीच्या रुग्णाचं रक्त प्यायलं तर विषाणू तिच्या पोटातून लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस. मग ती ज्याला चावेल त्याला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. एका फेरीला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या फेरीत गल्लीत एक रुग्ण असतो, तो 'व्हायरल' म्हणून सोडून दिला जातो. दुसऱ्या फेरीत चार. तिसऱ्या फेरीला दवाखान्यात खाट मिळत नाही. जुलैत जे पेरलं जातं ते ऑक्टोबरात उगवतं.

यात हवामान दोन ठिकाणी हात घालतं. पाऊस पाणी देतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तापमानाचं काम तितकं दिसत नाही. डासाचं आयुष्य दोन-चार आठवड्यांचं, आणि विषाणूला त्याच्या अंगात तयार व्हायला एक-दीड आठवडा. ही शर्यत आहे. हवा पंचवीसवरून तीसवर गेली की विषाणू लवकर तयार होतो आणि डासाच्या हातात चावायला जास्त दिवस उरतात. हवा अठराच्या खाली आली की विषाणू तयार होण्याआधीच डास मरून जातो. मलेरियाचं तेच. फाल्सिपेरम या घातक मलेरियाचा परजीवी अठरा अंशांच्या खाली डासाच्या पोटात वाढूच शकत नाही. म्हणून दिवाळीनंतर थंडी पडली की ताप 'आपोआप' जातो. तो आपोआप जात नाही, शर्यत हरतो.

आजी म्हणायची, "हवा बदलली गं, जपा." मी बी.एड. करत होते तेव्हा तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आजी, हवेनं आजार होत नाही, जंतूंनी होतो." ती काही बोलली नाही. तिनं माझ्या डोक्यावरून ओढणी घेतली आणि कानाला बांधली. आज मला वाटतं, आम्ही दोघी अर्ध्या-अर्ध्या बरोबर होतो. माझ्या अर्ध्यात जंतू होता. तिच्या अर्ध्यात काळ होता, तो कधी येतो हे होतं. ते ज्ञान माझ्याजवळ नव्हतं.

मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच 'वाईट हवा'. शेकडो वर्षं माणसं दलदलीवरून येणाऱ्या वाऱ्याला दोष देत राहिली. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चाववून घेतले, दर डासामागे एक आणा देऊन, आणि २० ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या पोटात त्यांना मलेरियाचा परजीवी दिसला. ऑगस्टच्या त्या घुसमटीत ते पंखाही हलवू देत नसत, कारण वाऱ्यानं कापलेले डास उडून गेले असते. घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. हवेला दोषमुक्त करणारा तो शोध अशा हवेत लागला. पण लोकांनी त्यातून एवढंच घेतलं की हवेचा काही संबंध नाही. माझ्यासारख्या बी.एड.च्या मुलींनी तर नक्कीच.

जुन्या वैद्यांकडे एक श्लोक असतो: 'वैद्यानां शारदी माता, पिता च कुसुमाकरः'. शरद ऋतू वैद्यांची आई आणि वसंत बाप, म्हणजे या दोन ऋतूंत त्यांचं घर चालतं. शाळेत असताना मला हा विनोद वाटायचा. पसरलेल्या कॅलेंडरांवर नजर टाकली तर हेच दोन घोळके दिसत होते, एक आश्विनाचा मोठा आणि एक फाल्गुन-चैत्राचा लहान.

पण ज्यानं मला खरं थांबवलं, ते चरकसंहितेतलं एक प्रकरण. विमानस्थानाचा तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, म्हणजे अख्खा मुलूख उद्ध्वस्त करणाऱ्या साथींचा. पुनर्वसु आत्रेय पांचाल देशात, काम्पिल्य नगरीजवळ, शिष्यांना घेऊन गंगेकाठच्या वनात फिरत आहेत. काम्पिल्य म्हणजे आजचं फर्रुखाबादजवळचं कंपिल, आमच्या ग्वाल्हेरच्या ईशान्येला, म्हणजे हवा, लू, पाऊस सगळं बहुतेक आमच्यासारखंच. आणि वेळ कोणती? उन्हाळ्याचा शेवटचा महिना. साथ अजून आलेली नाही. पाऊसही आलेला नाही. आत्रेय आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, म्हणतात, लक्षणं बिघडलेली दिसताहेत. जमिनीतला रस जाण्याआधी औषधी आताच काढून ठेवा, नंतर काढलेल्या कामाच्या राहणार नाहीत.

अग्निवेश पुढे जो प्रश्न विचारतो तो आजच्या कुठल्याही डॉक्टरनं विचारावा असा आहे. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, ताकद वेगळी, मग एकाच वेळी एकच रोग सगळ्यांना कसा होतो? उत्तर असं की चार गोष्टी सगळ्यांना सारख्याच मिळतात: वायू, उदक, देश आणि काल. बिघडलेला वायू कसा ओळखावा, तर तो ऋतूला विपरीत असतो. बिघडलेला देश कसा, तर तिथे माश्या, डास, उंदीर यांचा सुळसुळाट असतो. डासाच्या पोटात काय आहे हे पाहायला काच नव्हती, पण बिघडलेल्या हवेच्या, पाण्याच्या आणि काळाच्या शेजारी डासाला बसवलेलं आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर प्रज्ञापराध. कळत असून केलेली चूक. त्या शब्दावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीच्या दाराकडे बघत बसले.

हवामान एकटं मारत नाही, हे मला पंजाबच्या १९०८ सालानं शिकवलं. त्या वर्षी तिथे पाऊस प्रचंड झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मलेरिया असा पसरला की अमृतसरमध्ये कित्येक आठवडे कामाला माणूस मिळेना, खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी दुकानं उघडली नाहीत. दोनच महिन्यांत पंजाबात तीन लाखांच्या आसपास माणसं गेली. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी या साथीचा अभ्यास केला आणि १९११ च्या आपल्या अहवालात पावसाच्या बरोबरीनं दुसरं एक कारण मांडलं: टंचाई. धान्य महाग होतं, माणसं आधीच उपाशी होती. डास सगळ्यांना चावला, मेले ते पोटात काही नसलेले, आणि त्यात लहान मुलं फार. पुढे १९२० च्या दशकात सी. ए. गिल यांनी पंजाबातल्या मलेरियाच्या साथींचा आगाऊ अंदाज बांधायला सुरुवात केली. त्यांच्या हिशेबात पाऊस होता, मुलांच्या वाढलेल्या पानथऱ्या, म्हणजे प्लीहा, होत्या आणि धान्याचे भाव होते. संगणक नव्हता, उपग्रह नव्हता. मंडईतल्या गव्हाच्या भावावरून शरदातला ताप ओळखणारी ही दृष्टी मला आजच्या कितीतरी चकचकीत नकाशांपेक्षा शहाणी वाटते, कारण तिला माहीत होतं की पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो पण सगळे सारखे भिजत नाहीत.

वसंतातला तो लहान घोळका मात्र वेगळ्या तऱ्हेचा. 'कांजिण्या', 'गोवर, शाळा बंद', 'शेजारी देवी नाही, कांजिण्याच'. तिथे पाण्याचा संबंध नाही. फाल्गुनातली हवा कोरडी असते, रात्री गार, दिवसा ऊन, लग्नसराई, माणसं दाटीवाटीनं एकत्र. देवीचा विषाणू अशा कोरड्या, थंडसर हवेत जास्त तगायचा. बंगालीत तर देवीच्या रोगाचं नावच 'बसंत'. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९२६ साली भारतातल्या देवी आणि हवेतली बाष्पाची मात्रा यांची सांगड घालून साथींचं भाकीत कसं करता येईल हे मांडलं होतं. आणि आपल्या देशानं १९७५ साली देवीचा शेवटचा रुग्ण पाहिला, हे माझ्या आयुष्यात घडलेल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक आहे असं मी मुलांना दरवर्षी सांगत आले.

आमच्या घरी शीतला, म्हणजे देवी-कांजिण्यांची देवता, वर्षातून दोनदा यायची. महाराष्ट्राच्या रीतीनं श्रावणात, कहाणी वाचून. आणि इथल्या रीतीनं होळीनंतरच्या अष्टमीला, 'बासोडा', आदल्या दिवशीचं थंड खाऊन. आजी दोन्ही करायची. "आपण इथलं पाणी पितो, तर इथली देवीही आपली," असं तिचं म्हणणं. एकदा ती आम्हाला सांतऊच्या शीतलामातेला घेऊन गेली होती, टांगा आणि मग पायी. मूर्तीपेक्षा मला तिथली दुपार आठवते, कोरडी, पळसाच्या रंगाची. इथल्या लोकांनी शीतलेचा दिवस होळीच्या पाठोपाठ, बरोबर कांजिण्यांच्या महिन्यात ठेवला आहे, हे मला तिच्या जाण्यानंतर कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. तिला विचारायचं राहून गेलं.

प्लेगचं गणित आणखी उलटं. पणजीच्या तोंडून आलेली गोष्ट आमच्याकडे सांगतात की उंदीर मरायला लागले की लोक घरं सोडून शहराबाहेर झोपड्यांत राहायला जायचे आणि ऊन तापलं की परत यायचे. ऊन तापलं की का? प्लेगचा जंतू पिसवेच्या अन्ननळीत गोळा होऊन ती बंद करतो, उपाशी पिसू मग पुन्हापुन्हा चावते. हवा तापली की तो गोळा तसा टिकत नाही. जी लू आमच्या मुलांना आडवं करते, तिनंच आमच्या पणजोबांना घरी आणलं.

कोरडा उन्हाळा म्हणजे डेंगीपासून सुटका, असंही नाही. तिघऱ्याचं धरण खाली गेलं की नळाला दिवसाआड पाणी येतं. मग घरोघर ड्रम, बादल्या, हौद, जिन्याखालचा जुना हंडासुद्धा भरून ठेवला जातो, आणि झाकण प्रत्येकाला नसतं. पाऊस नसला तर माणूस स्वतः पाणी साठवतो. एडिसला दोन्ही चालतं. ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी आहे त्यांनी दिवसाआड पाणी येणाऱ्यांना 'साठवू नका' असं सांगणं मला मुळीच पटत नाही. झाकायला घट्ट झाकण द्या, पाणी नियमित द्या, मग सांगा.

या शहराचं नावही एका आजाराच्या आणि पाण्याच्या गोष्टीतून आलं आहे. राजा सूरजसेन कुष्ठरोगानं गांजलेला, शिकारीत तहानलेला, किल्ल्याच्या डोंगरावर आला. ग्वालिपा ऋषींनी त्याला कुंडातलं पाणी प्यायला दिलं आणि तो बरा झाला. ते सूरजकुंड आजही किल्ल्यावर आहे. लहानपणी सहलीला गेलो की आम्ही वाकून त्यात आपली तोंडं बघायचो. आता मी वाकते तेव्हा आधी काठाची ओली रेघ बघते.

त्या तीस कॅलेंडरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. 'रजया उन्हात' ही नोंद पूर्वी दिवाळीच्या आधी किंवा लगेच नंतर असायची. अलीकडच्या दहा-बारा वर्षांत ती नोव्हेंबरच्या शेवटाकडे सरकली आहे. एका घराच्या रजयांवरून हवामान बदलल्याचं सिद्ध होत नाही, हे मी भूगोल शिकवणारी बाई म्हणून जाणते. पण थंडी आठ-पंधरा दिवस उशिरा आली, तर त्या शर्यतीत डासाला आणखी अर्धी फेरी मिळते, हेही मी आता जाणते. मुक्ताच्या वर्गातल्या एका मुलाला डेंगी झाला तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आईच्या कॅलेंडरांत डिसेंबरच्या पानावर ताप मला कुठेच सापडला नव्हता.

गेल्या वर्षी पहिला मोठा पाऊस पडला त्या दिवशी मी कालनिर्णयावर लाल पेनानं 'पाऊस' लिहिलं. मग पुढचे सगळे शनिवार एकेक करून गोल केले, थेट नोव्हेंबरपर्यंत. आईनं चष्मा वर करून विचारलं, "हे गं काय?"

"कोरडा दिवस. त्या दिवशी सगळं पाणी ओतायचं आणि घासायचं."

"उपास आहे का?"

"हो," मी म्हटलं. "टाकीचा."

तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्या शनिवारच्या चौकोनात आपल्या अक्षरात लिहिलं, 'टाकीचा उपास'. तेव्हा मी तिला विचारलं, ही जुनी कॅलेंडरं का ठेवतेस. ती म्हणाली, "तुझे बाबा दरवर्षी विचारायचे, मागच्या वर्षी मला ताप कधी आला होता गं? सांगता यावं म्हणून."

तळमजल्यावर आमचा एक, दादाचा एक, वर भाडेकरूंचे दोन, समोरच्या काकूंचा एक. काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना वाकता येत नाही, म्हणून त्यांचा कूलर आम्हीच करतो. काथ्या, राखेचं पातेलं आणि टॉर्च. टॉर्च आई धरते, ते काम ती कुणाला देत नाही. मुक्तानं बाह्या वर केल्या आणि अर्धी टाकीत वाकली. पाणी आधीच मोरीत ओतून झालं होतं.

"आत्या, तळ झाला. पण ही रेघ निघत नाही."

आईनं टॉर्च थोडी खाली केली. गंजाच्या कडेनं, एका कोपऱ्यात, बोटभर पट्टी राहिली होती.

"अजून घास," आई म्हणाली.